शेणखत टाकलेल्या रानात तणनाशक कुठे जातं?

ऊसपट्ट्यात शेतकऱ्यांशी बोलताना दोन तक्रारी हमखास कानावर येतात. पहिली : "शेणखत भरपूर टाकलं की तणनाशक चालत नाही." दुसरी : "स्लरी सोडली की औषध धुऊन खाली जातं, विहिरीला लागतं." दोन्ही म्हणणारे अनुभवी असतात आणि दोघंही छातीठोकपणे सांगतात. गंमत अशी, की ही विधानं एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्यात सेंद्रिय खत औषधाला अडकवून ठेवतं, दुसऱ्यात तेच खत औषधाला मोकळं सोडतं. एकाच खताकडून दोन्ही कामं कशी होतील?

होऊ शकतात. कारण शेणखतातला काही भाग मातीत मुक्काम करतो आणि काही भाग पाण्याबरोबर हिंडतो. तणनाशकाशी या दोघांचं वागणं वेगवेगळं असतं. पण त्याआधी औषध मातीत 'थांबतं' म्हणजे नेमकं काय, ते पाहू.

१. माती आणि पाणी यांच्यातली वाटणी

उसाची लागण झाल्यावर, तण उगवण्याआधी बरेच शेतकरी ॲट्राझिन फवारतात. स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीने १९५० च्या दशकात शोधलेलं हे औषध मका आणि ऊस या दोन्ही पिकांत आजही चालतं. फवारल्यावर त्याचा काही भाग मातीच्या कणांना चिकटतो, उरलेला कणांमधल्या ओलाव्यात विरघळून राहतो. उगवणारं तण औषध घेतं ते या ओलाव्यातून. निचरा होऊन खाली जाणारं पाणीही त्यातलंच औषध नेतं. म्हणजे चिकटलेला भाग ही शिल्लक आणि विरघळलेला भाग हा चालू खर्च. ओलाव्यातलं औषध संपत आलं की मातीला चिकटलेल्यातलं थोडं सुटून पाण्यात येतं.

आता हिशेब. हेक्टरी १ किलो शुद्ध औषध पडलं आणि ते वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळलं असं धरू. या थराचं वजन साधारण २,००० टन भरतं. म्हणजे एका किलो मातीच्या वाट्याला ०.५ मिलिग्रॅम औषध आलं. रान वाफशावर आहे, एक किलो मातीत पाव लिटर पाणी आहे.

शास्त्रज्ञ इथे एक साधा आकडा वापरतात. एका किलो मातीने धरलेलं औषध भागिले एका लिटर पाण्यात उरलेलं औषध. आपण त्याला वाटणीचा आकडा म्हणू. ॲट्राझिनसाठी तो आपल्याकडच्या बऱ्याच जमिनींत १ च्या आसपास धरायला हरकत नाही. एक किलो मातीला एक वाटा आणि पाव लिटर पाण्याला पाव वाटा. सव्वा वाट्यातला एक मातीचा, म्हणजे ८० टक्के औषध मातीवर आणि २० टक्के पाण्यात.

आता कांदा-सोयाबीनमध्ये वापरलं जाणारं पिवळंधमक पेंडिमेथॅलिन घ्या. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्याचा वाटणीचा आकडा १०० धरू. मग मातीकडे ४०० भाग आणि पाण्याकडे अवघा एक. ॲट्राझिन पाण्याबरोबर खाली सरकू शकतं आणि पेंडिमेथॅलिन वरच्या थरात बसून राहतं, ते यामुळे.

प्रत्यक्षात फवारणीनंतर पहिले काही दिवस औषध वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्येच असतं. तिथली दाटी या हिशेबापेक्षा बरीच जास्त असते, पण वाटणीचं तत्त्व तेच.

२. मातीत औषध धरतं कोण?

मुख्य दोघंच : चिकणमातीचे कण आणि सेंद्रिय कर्ब.

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. ज्या औषधाच्या रेणूवर धन भार असतो, त्याला ती घट्ट पकडते. पॅराक्वाट असं आहे. काळ्या मातीतल्या माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांत ते एकदा शिरलं की सहसा बाहेर येत नाही. पॅराक्वाट गढूळ पाण्यात कालवलं तर तण मरत नाही, हे शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक असतं. पाण्यातला गाळ ते पंपातच धरून बसतो.

ॲट्राझिन, पेंडिमेथॅलिन यांच्या रेणूंवर मात्र शेतातल्या सामूला असा भार नसतो. ती मुख्यतः सेंद्रिय कर्बात मुरतात. कॅरी चिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडलं, की अशी द्रव्यं मातीच्या पृष्ठभागावर चिकटून बसण्यापेक्षा सेंद्रिय पदार्थाच्या आत विरघळल्यासारखी शिरतात. पाण्याला नकोसा असलेला रेणू सेंद्रिय पदार्थात सुखाने सामावतो. म्हणून अशा औषधाचा वाटणीचा आकडा बऱ्याच अंशी जमिनीतल्या सेंद्रिय कर्बाच्या टक्केवारीबरोबर वर-खाली होतो.

मग पहिल्या तक्रारीचं काय? हेक्टरी १० टन शेणखत टाकलं. त्यात निम्मं पाणी आणि कोरड्या भागात एक तृतीयांश कर्ब धरला, तर जमिनीत गेलेला कर्ब झाला सुमारे १.७ टन. २,००० टन मातीत तो ०.०८ टक्के. जमिनीचा सेंद्रिय कर्ब ०.५ होता तो ०.५८ झाला. ॲट्राझिनचा वाटणीचा आकडा १ वरून फार तर १.१६ होईल. पाण्यातलं औषध २० टक्क्यांवरून पावणेअठरावर येईल. तण न मरण्याइतका हा फरक नाही. एका वर्षाच्या शेणखतावर सगळा दोष टाकणं चुकीचं आहे. चांगलं कुजलं नसेल तर शेणखत तणाचं बी बरोबर आणतं, आणि माझ्या मते पुष्कळदा 'औषध चाललं नाही' याचं खरं कारण तेच असतं. दहा-पंधरा वर्षं पाचट न जाळता कुजवलं आणि कर्ब दुप्पट झाला, तर मात्र मात्रेचा विचार नव्याने करावा लागतो.

३. तपकिरी पाणी

पावसाळ्यात शेणाच्या उकिरड्यातून पाझरणारं पाणी पाहिलं असेल. काळपट, तपकिरी, पण बऱ्याचदा गाळ नसलेलं. बाटलीत भरून ठेवलं तरी रंग खाली बसत नाही. हा रंग म्हणजे विरघळलेला सेंद्रिय अंश.

यात कोण कोण असतं? साखरेसारखे छोटे रेणू, आम्लं, प्रथिनांचे तुकडे आणि कुजून-कुजून बनलेले मोठे, गडद ह्यूमिक रेणू. व्याख्या मात्र अगदी कामचलाऊ आहे. ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून जे पार होतं ते विरघळलेलं, जे अडकतं ते घन. निसर्गात अशी रेघ कुठेच नाही, पण प्रयोगशाळांना कुठेतरी मारावी लागते.

शेताच्या वरच्या थरातल्या ओलाव्यात हा अंश, कर्ब म्हणून मोजला तर, लिटरला काही मिलिग्रॅमपासून काही दहा मिलिग्रॅमपर्यंत असतो. गोठ्याची स्लरी किंवा ताज्या खताचा पाझर घेतला तर तो आकडा कित्येक पट चढतो. आसवनीतून येणारं स्पेंट वॉश तर या बाबतीत कहरच. त्याचा गडद रंग विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांचाच.

दुसऱ्या तक्रारीचं मूळ या हिंडणाऱ्या भागात आहे.

४. एसटी, वडाप आणि मांडीवरचं पोर

विरघळलेला सेंद्रिय अंश तणनाशकावर तीन प्रकारे परिणाम करतो. तिन्ही समजायला तालुक्याचं एसटी स्टँड पुरेसं आहे. माती म्हणजे एसटीतल्या जागा आणि तणनाशकाचे रेणू म्हणजे प्रवासी.

पहिला प्रकार वडापचा. स्टँडबाहेर जीप उभी असते आणि एसटीची वाट पाहणारे काही जण तिच्यात बसून निघून जातात. पाण्यात तरंगणारा ह्यूमिक रेणू तसाच औषधाला आपल्यात सामावून घेतो. पाणी वाहिलं की दोघं बरोबर जातात. माती औषधाला धरायला तयार असूनही ते तिच्या हाती लागत नाही. पाण्यातली औषधाची एकूण धारणशक्ती वाढते, वाटणीचा आकडा घटतो.

दुसरा प्रकार रुमालाचा. गाडी लागायच्या आत कोणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतं. विरघळलेल्या सेंद्रिय अंशाचे रेणू मातीच्या कणांवर औषधाआधी जाऊन बसतात. जागा मोजक्या असतील तर औषधाला उभं राहावं लागतं, म्हणजे पाण्यात राहावं लागतं. इथेही वाटणीचा आकडा घटतो, पण कारण वेगळं.

तिसरा प्रकार या दोघांच्या उलट. जागा मिळालेला माणूस ओळखीच्या पोराला मांडीवर घेतो. सेंद्रिय रेणू आधी मातीवर बसतो आणि मग औषधाच्या रेणूला स्वतःत सामावून घेतो. नुसत्या वाळूवर किंवा लोहाच्या ऑक्साइडवर जे ॲट्राझिन जेमतेम टिकलं असतं, ते आता या सेंद्रिय थरात मुरतं. धरून ठेवणं वाढतं.

तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. म्हणूनच या विषयावरचे प्रयोग एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. कुठे विरघळलेल्या सेंद्रिय अंशाने औषध जास्त थांबलं, कुठे कमी. काही प्रयोगांत तर एकाच मातीत दोन्ही दिसलं : पाण्यात हा अंश थोडा असताना मातीने ॲट्राझिन जास्त धरलं, अंश वाढवत नेल्यावर कमी. यात विसंगती काही नाही. थोडे रेणू होते तेव्हा ते बहुतेक मातीवर बसले आणि मांडीचा प्रकार वरचढ ठरला. अंश वाढल्यावर त्याच्या रेणूंनी औषधाच्या जागाच अडवल्या आणि रुमालाचा प्रकार वरचढ ठरला.

५. वडापमध्ये बसतं कोण?

बरेच लेख इथे थांबतात आणि 'सेंद्रिय पाण्याने औषध वाहून जातं' असा सरसकट निष्कर्ष काढतात. पण हिशेब केला की चित्र बदलतं.

औषध विरघळलेल्या कर्बाला किती धरून राहतं, त्याचाही वाटणीचा आकडा असतो. ॲट्राझिनसाठी तो, कर्बाच्या एका किलोला, १०० लिटर धरू. ओलाव्यात लिटरला ५० मिलिग्रॅम विरघळलेला कर्ब आहे, म्हणजे एका किलोचा वीस हजारावा भाग. १०० ला २०,००० ने भागा : ०.००५. पाण्यात मोकळं फिरणारं ॲट्राझिन १,००० भाग असेल, तर वडापमध्ये बसलेलं फक्त ५ भाग. नगण्य.

पेंडिमेथॅलिनसाठी तोच आकडा १०,००० धरला तर उत्तर येतं ०.५. मोकळ्या दोन भागांमागे एक भाग सेंद्रिय रेणूंना लटकलेला. पाण्यातलं एकूण औषध दीडपट झालं. लिटरला ५०० मिलिग्रॅम कर्ब असलेल्या स्लरीच्या पाण्यात ते सहापट होईल. ऐकायला भयंकर. पण मुळात मातीकडे ४०० भाग आणि पाण्याकडे एक होता, आता पाण्याकडे सहा झाले. साडेअठ्ठ्याण्णव टक्के औषध अजूनही मातीतच आहे.

वडाप लागते ती पाण्यात न विरघळणाऱ्यांना. याचा गाजलेला पुरावा तणनाशकाचा नाही, डीडीटीचा आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रॉबर्ट वर्शॉ आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखवलं, की सोडियम ह्यूमेटच्या अर्धा टक्का द्रावणात डीडीटी साध्या पाण्याच्या निदान वीसपट विरघळतं. पण अर्धा टक्का म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. शेतातल्या ओलाव्यात इतकं ह्यूमिक द्रव्य नसतं.

बाजारातल्या 'ह्यूमिक'च्या डब्यांबद्दलही इथेच सांगून टाकतो. एकरी एक किलो ह्यूमिक जमिनीत सोडलं आणि ते वरच्या १५ सेंटिमीटरमधल्या साधारण दोन लाख लिटर ओलाव्यात पसरलं, तर लिटरला ५ मिलिग्रॅम होतं. त्याने तणनाशक धुऊन जाईल ही भीती नको, आणि त्याने तणनाशकाचा जोर वाढेल हा विक्रेत्याचा दावाही नको.

मग ॲट्राझिनसारख्या विरघळणाऱ्या औषधाचं धरून राहणं काही मातींत कमी होतं ते का? मुख्यतः रुमालामुळे. आणि रुमाल कुठे चालतो, हे मातीवर अवलंबून आहे.

६. काळी रानं आणि कोकणातली तांबडी माती

दख्खनच्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर, सामू बहुधा ७.५ ते ८.५ आणि चुना मुबलक. चुन्यातला कॅल्शियम सेंद्रिय रेणूंना एकमेकांशी आणि चिकणमातीशी जोडतो. जोडले गेले की ते पाण्यातून निघून मातीवर बसतात. म्हणून काळ्या रानात शेणखताचं तपकिरी पाणी फार खोल जात नाही. वडाप वाटेतच थांबते, मांडीचा प्रकार वाढतो. चोपण जमिनीत उलट. तिथे सोडियमचा वरचष्मा असतो, तो सेंद्रिय रेणू सुटे करतो. ओलावा सुकल्यावर चोपण रानाच्या पृष्ठभागावर दिसणारी काळपट झाक ही बाहेर आलेल्या सेंद्रिय अंशाचीच. तिथे विरघळलेला अंश जास्त आणि त्याच्याबरोबर औषधाची हालचालही जास्त.

काळ्या रानात मला मात्र या सगळ्यापेक्षा भेगांची काळजी वाटते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगा मिटायच्या आत जोराचा पाऊस झाला किंवा पाटाचं पाणी दिलं, तर पाणी मातीच्या कणांशी न बोलताच खाली जातं. मग वाटणीचा आकडा १ असो की १००, माती आणि औषध यांची गाठच पडत नाही.

कोकण आणि गोव्यातली जांभ्यापासून झालेली माती आम्ल आणि लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली. ही ऑक्साइडं सेंद्रिय रेणूंना घट्ट धरतात. ॲट्राझिनसाठी ही मांडी झाली. पण भातात वापरलं जाणारं २,४-डी घेतलं तर तोच प्रकार रुमालाचा होतो. २,४-डीच्या रेणूवर मातीत ऋण भार असतो. त्याला बसायला धन भाराच्या जागा लागतात आणि त्या याच ऑक्साइडांवर असतात. सेंद्रिय आम्लांनी त्या आधी अडवल्या की २,४-डी पाण्यात उरतं आणि कोकणातल्या पावसात ते थांबणार कसं?

ग्लायफोसेटची जात आणखी निराळी. ते पाण्यात सहज विरघळतं, तरी मातीत घट्ट धरलं जातं. त्याच्या रेणूतला फॉस्फरसचा गट लोह आणि ॲल्युमिनियमला पकडतो. त्याचा खरा स्पर्धक स्फुरद. सेंद्रिय आम्लंही थोडी जागा अडवतात, पण स्फुरदाइतकी नाही. स्फुरदयुक्त खताचा भरपूर हप्ता दिलेल्या रानात ग्लायफोसेट थोडं कमी धरलं जाऊ शकतं. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला, त्यामागे मात्र हे कारण नव्हतं. माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याला असलेला धोका हे कारण दिलं गेलं.

७. वेळेचा मुद्दा

शेणखत किंवा स्लरी दिल्यावर विरघळलेला अंश पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो. त्यातला साखरेसारखा सोपा भाग जिवाणू लगेच फस्त करतात. उरतो तो मोठा, कडक भाग, आणि त्यातलाही बराच मातीवर बसतो. तणनाशकाचं उलट. ताजं फवारलेलं औषध सैल असतं, दिवस जातील तसं ते मातीच्या आतल्या सूक्ष्म पोकळ्यांत शिरून घट्ट होतं.

म्हणजे धोक्याची वेळ एकच : स्लरी ताजी, औषध ताजं आणि वरून मोठा पाऊस किंवा पाटपाणी. उगवणपूर्व तणनाशक फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी पाटातून स्लरी सोडणं म्हणजे हा योग स्वतःच्या हाताने जुळवून आणणं. शेणखत नांगरटीच्या वेळी मातीत मिसळलेलं असेल आणि फवारणीआधी दोन-तीन आठवडे गेले असतील, तर विरघळलेला अंश बराच निवळलेला असतो. जिवाणूंचाही फायदा मिळतो. वारंवार ॲट्राझिन पडलेल्या जमिनीत ते औषध खाणारे जिवाणू वाढतात, आणि जिवंत जमिनीत औषध मरायला जागा मिळते. सामू जास्त असलेल्या काळ्या रानात मात्र ॲट्राझिन सावकाश मोडतं. म्हणून मक्यानंतर लगेच भाजीपाला किंवा भुईमूग घेणाऱ्यांनी लेबलावरची सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तेव्हा शेणखत बंद करायचं कारण नाही, तणनाशकाची मात्रा मनाने वाढवायचंही नाही. ताजी स्लरी आणि फवारणी यांच्यात अंतर ठेवा, पुढच्या दोन दिवसांत जोराचा पाऊस दिसत असेल तर फवारणी थांबवा, आणि माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब आणि सामू हे दोन आकडे आधी बघा.

विहिरीची काळजी असेल तर आणखी एक करा. पाठीवरचा पंप विहिरीच्या काठावर, बोअरजवळ किंवा ओढ्यात धुऊ नका. तिथे सांडलेलं औषध धरायला ना माती असते, ना सेंद्रिय कर्ब. ते थेट पाण्यात जातं. युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे, आणि भूजलात ॲट्राझिन ही मर्यादा ओलांडतं म्हणून तिथे त्याचा परवाना गेला. त्या मापाने एक ग्रॅम ॲट्राझिन एक कोटी लिटर पाणी मर्यादेला नेऊन टेकवतं.